कॅमेरा चंद्रावर राहिला, बॅक परत आली : जुन्या फिल्म बॅकचा इतिहास आणि पारख

१/
२४ डिसेंबर १९६८. अपोलो ८ चंद्राभोवती चौथी प्रदक्षिणा घालत असताना बिल अँडर्स यांना चंद्राच्या क्षितिजामागून वर येणारी पृथ्वी दिसली. हातातील हॅसलब्लाडमध्ये कृष्णधवल फिल्म होती. त्यांनी एक छायाचित्र टिपले आणि लगोलग सहकारी जिम लॉव्हेल यांच्याकडे रंगीत फिल्म मागितली.

२/
रंगीत फिल्मचे मॅगझिन कॅमेऱ्याला चढले आणि काही क्षणांत ‘अर्थराइज’ हे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले गेले. कॅमेऱ्यातील फिल्म संपेपर्यंत थांबणे भाग असते, तर पृथ्वीची ती निळाई त्या क्षणी हाती लागली नसती. ही अदलाबदल ज्या सुट्या भागामुळे शक्य झाली, त्याला ‘फिल्म बॅक’ किंवा ‘मॅगझिन’ म्हणतात.

३/
बॅक म्हणजे फिल्म धरून ठेवणारी, प्रकाशबंद, कॅमेऱ्याच्या पाठीला बसणारी पेटी. साध्या कॅमेऱ्यात ही जागा कॅमेऱ्याचाच भाग असते. येथे मात्र ती वेगळी काढता येते. त्यामुळे एकाच कॅमेऱ्यावर अर्धा रोल कृष्णधवल आणि अर्धा रंगीत वापरता येतो, आणि एकही फ्रेम वाया जात नाही.

४/
या कल्पनेचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. तेव्हा छायाचित्रकार काचेच्या जड प्लेटा वाहून नेत. १८८५ मध्ये जॉर्ज ईस्टमन आणि विल्यम वॉकर यांनी ‘रोल होल्डर’ बाजारात आणला. प्लेटच्या कॅमेऱ्याच्या पाठीला तो लावला, की त्याच कॅमेऱ्यात गुंडाळीची फिल्म चाले. म्हणजे कोडॅक कॅमेऱ्याच्या आधी बॅक जन्माला आली होती.

५/
१८८८ च्या कोडॅकने मात्र उलट वाट धरली. त्यात १०० छायाचित्रांची फिल्म कारखान्यातच भरलेली असे. ती संपली, की ग्राहकाने अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. सामान्य माणसाला ते सोयीचे होते. परंतु फिल्म आणि यंत्र पुन्हा एकमेकांत अडकली.

६/
त्यांना हाताळण्याजोग्या कॅमेऱ्यात डौलाने वेगळे केले, ते स्वीडनच्या व्हिक्टर हॅसलब्लाड यांनी. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्वीडिश हवाई दलासाठी कॅमेरे बनवले होते. ऑक्टोबर १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी १६००एफ सादर केला. भिंग, मुख्य पेटी आणि बॅक हे तिन्ही भाग सुटे. १२० फिल्मवर ६×६ सेंटिमीटरच्या १२ फ्रेम मिळत.

७/
१६००एफचे शटर नाजूक होते आणि वारंवार बिघडे. १९५७ च्या ५००सी मध्ये शटर भिंगात गेले आणि ही रचना स्थिरावली. १९६२ मध्ये अंतराळवीर वॉल्टर शिरा यांनी ह्यूस्टनमधील एका दुकानातून ५००सी विकत घेतला. त्यात फेरफार करून तो ऑक्टोबरमध्ये मर्क्युरी यानातून अंतराळात गेला.

८/
चंद्रावर उतरणाऱ्यांसाठी बॅकचे महत्त्व आणखी वाढले. परतीच्या यानात प्रत्येक किलोचा हिशेब होता आणि चंद्रावरचे दगड आणायचे होते. म्हणून अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रभूमीवर वापरलेला हॅसलब्लाड भिंगासह तेथेच ठेवला. फिल्मची मॅगझिन तेवढी परत आली. आज आपण पाहतो ती छायाचित्रे त्यांतलीच.

९/
नासाच्या क्रमांकांतही याची नोंद आहे. ‘अर्थराइज’चा क्रमांक एएस०८-१४-२३८३. पहिला भाग मोहिमेचा, मधला १४ हा मॅगझिनचा, शेवटचा फ्रेमचा. अँडर्स यांनी आधी घेतलेले कृष्णधवल छायाचित्र मॅगझिन १३ मधले आहे. क्रमांक वाचला, तरी कळते की त्या दोन चित्रांच्या मध्ये बॅक बदलली गेली.

१०/
हॅसलब्लाडने या मालिकेतील अखेरच्या कॅमेऱ्याचे उत्पादन २०१३ मध्ये थांबवले. त्यामुळे आता तिच्या फिल्म बॅक बहुधा जुन्या बाजारातच मिळतात. तेथे खरेदी करणाऱ्याला इतिहासाच्या अभ्यासकाचीच रीत वापरावी लागते : वस्तू काय सांगते ते पाहायचे, विक्रेत्याचे म्हणणे नंतर ऐकायचे.

११/
पहिला पुरावा क्रमांकाचा. बॅकचे दोन भाग असतात : बाहेरचे शेल आणि फिल्म धरणारा आतला इन्सर्ट. शेलवर पूर्ण क्रमांक, तर इन्सर्टवर त्याचे शेवटचे तीन अंक असतात. हे भाग जोडीने जुळवलेले असत. जोडी फुटली असेल तर बॅक बंद पडतेच असे नाही. पण फ्रेममधील अंतर कमीजास्त होण्याची शंका राहते, आणि किंमतही उतरते.

१२/
दुसरा पुरावा अक्षरांचा. कंपनी दीर्घकाळ निर्मितीचे वर्ष दोन रोमन अक्षरांत लिहीत असे. ‘व्हीएच पिक्चर्स’ हा सांकेतिक शब्द : व्ही १, एच २, पी ३, आय ४, सी ५, टी ६, यू ७, आर ८, ई ९ आणि एस ०. बॅकवर ‘टीआर’ असेल, तर ती १९६८ ची, म्हणजे ‘अर्थराइज’च्याच वर्षाची.

१३/
तिसरी तपासणी डार्क स्लाइडची. हा धातूचा पातळ पत्रा फिल्म झाकतो. तो आत असल्याशिवाय बॅक कॅमेऱ्यापासून सुटत नाही, आणि आत असताना शटर चालत नाही. म्हणून स्लाइडविना स्वस्तात मिळणारी बॅक पुढे महाग पडते. स्लाइडच्या फटीतील लाइट सीलचा फोम वर्षांनी झिजतो आणि फ्रेमच्या कडेला प्रकाशाचा पट्टा उमटतो. सील बदलता येते. किंमत ठरवताना तो खर्च धरावा.

१४/
शेवटी, एखादा वाया गेलेला रोल भरून प्रत्येक फ्रेमची चौकट पेनने आखून पाहावी. फिल्म बाहेर काढली, की चौकटींमधील अंतर समान आहे का ते दिसते. आणि पैसे देण्यापूर्वी शेल व इन्सर्ट या दोन्हींच्या क्रमांकांचे छायाचित्र मागावे. साठ वर्षे एकत्र राहिलेली जोडी विक्रीच्या घाईत एकदा फुटली, की इन्सर्टवरच्या तीन अंकांवरून तिचे मूळ शेल शोधणे जवळपास अशक्य असते.