जखमी सैनिकांच्या मांडीवरचा पियानो

इलेक्ट्रिक पियानोपाशी नव्याने बसलेला माणूस बहुधा दोन्ही हात भरून कॉर्ड दाबतो, पेडल सोडत नाही आणि त्या गोड नादात रमतो. ठेका काही उभा राहत नाही. तो का राहत नाही, हे या वाद्याच्या कुळात डोकावलं की उमगतं. आणि ते कूळ सुरू होतं नवशिक्यांपासूनच, म्हणून मला ते फार प्रिय आहे.

हॅरोल्ड ऱ्होड्स (जन्म 1910) हा अमेरिकेतला पियानो शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात होता. रुग्णालयात पडून असलेल्या जखमी सैनिकांना पियानो शिकवायचा तर तो खाटेपर्यंत न्यायचा कसा? ऱ्होड्सने बी-17 बॉम्बर विमानांतल्या अॅल्युमिनियमच्या नळ्या कापल्या आणि 29 पट्ट्यांचं, मांडीवर मावणारं वाद्य केलं. त्यात वीज नव्हती. हातोडी नळीवर पडायची, एवढंच. विजेवरचा ‘प्री-पियानो’ त्याने 1946 मध्ये आणला.

पुढे त्याने नळ्यांच्या जागी बारीक पोलादी काड्या बसवल्या. या काडीला ‘टाइन’ म्हणतात. पट्टी दाबली की हातोडी टाइनवर आदळते, टाइन आणि तिच्या वरची जाड धातुपट्टी मिळून घुमतात आणि टाइनच्या टोकासमोरचा पिकअप ते कंपन पकडून अॅम्प्लिफायरकडे पाठवतो. सूर मिळवायला टाइनवर चढवलेली इवलीशी स्प्रिंग पुढेमागे सरकवायची. हलक्या बोटाने मऊ, गोल सूर येतो. बोट जोरात पडलं की तोच सूर करकरीत होऊन अंगावर येतो.

वुर्लिट्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो 1950 च्या दशकाच्या मध्यावर आला. त्यात टाइनऐवजी पोलादी रीड असते. तिच्या टोकाला डाखाचा थेंब असतो. तो कानसून सूर चढवतात. शाळांच्या संगीतवर्गांत हे पियानो ओळीने मांडलेले असत आणि मुलं कानाला हेडफोन लावून शिकत.

या शाळकरी वाद्याला नाचतं केलं ते गायक-पियानोवादक रे चार्ल्सने. जागोजागचे बेसूर पियानो नकोत म्हणून तो आपला वुर्लिट्झर सोबत घेऊन फिरत असे. 1958 च्या अखेरीस एका नाचाच्या कार्यक्रमात ठरलेली गाणी संपली आणि वेळ उरला. त्याने डाव्या हाताने खालच्या सुरांत एक छोटा तुकडा धरला, तोच फिरवत ठेवला आणि वाद्यवृंद व गायिकांना त्यावर ओढून घेतलं. फेब्रुवारी 1959 मध्ये ते ‘व्हॉट्ड आय से’ म्हणून ध्वनिमुद्रित झालं. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जे काम करतो, तेच इथे तो तुकडा करतो: स्वतः बदलत नाही, म्हणून बाकीच्यांना मोकळं सोडतो.

मग 1966 मध्ये सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्लीच्या पंचकात पियानोवादक जो झाविनुलने वुर्लिट्झरवरच ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ वाजवलं. नवशिक्याने पहिला धडा इथून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. लय संथ, सुरुवातीला मुख्यतः दोनच कॉर्ड, तरी ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. 1968 मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या आग्रहावरून त्याचा पियानोवादक हर्बी हॅनकॉक इलेक्ट्रिक पियानोकडे वळला आणि जॅझमध्ये हा आवाज रुळला.

आता हात. आधी नुसता डावा: समेवर एक खालचा सूर, बस्स. तो घट्ट बसला की उजव्या हाताने कीबोर्डच्या मधल्या भागात तीन सुरांची कॉर्ड. एका मात्रेचे चार भाग मनात मोजायचे आणि कॉर्ड मात्रेच्या तोंडावर न टाकता दुसऱ्या किंवा चौथ्या भागावर टाकायची. खरी मेख पुढे आहे. पट्टी सोडल्याबरोबर फेल्टचा डॅम्पर टाइनला टेकतो आणि सूर तिथल्या तिथे तुटतो. ठेका त्या तुटण्यातून उभा राहतो. म्हणून पट्टी कधी दाबायची याइतकंच ती कधी सोडायची हे मोजावं, आणि पेडलवरून पाय खाली ठेवावा. चार आघातांतला एकच ठसठशीत, बाकीचे जेमतेम ऐकू येतील इतके हलके. मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर समजून वाजवलं की पहिली मात्रा आपल्यालाच सांभाळावी लागते; सुरुवातीला जीव मेटाकुटीला येतो, पण लय अंगात मुरते ती यानेच.

1983 मध्ये यामाहाचा डीएक्स-7 आला. हलक्या डिजिटल कीबोर्डांपुढे टाइनचा जड ऱ्होड्स पियानो मागे पडला आणि दशकाच्या मध्यापर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. पण ऱ्होड्स आणि वुर्लिट्झर, दोन्हींचे आवाज आजच्या बहुतेक कीबोर्डांत असतात. रे चार्ल्सच्या वळणाचं वाजवायचं तर रीडचा निवडावा, हॅनकॉकच्या वळणाचं तर टाइनचा. कीबोर्ड घेताना मात्र बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलतो ना, हे दुकानातच वाजवून पाहावं.