कागद लावणारा हात

छपाईचा इतिहास आपल्याकडे शाळेत शिकवला जातो तो खिळ्यांचा इतिहास म्हणून. जर्मनीत १४५० च्या सुमारास गुटेनबर्गने सुटे खिळे वापरून छपाई केली, १५५६ साली गोव्यात हिंदुस्थानातला पहिला छापखाना आला, १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर पंचांग छापले, १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर सुरू केला... झाला धडा! मीही बरीच वर्षे हेच फळ्यावर लिहीत आलो. त्यात चूक काही नाही. पण एक चौकस मुलगा (दर वर्गात असा एक तरी असतोच) विचारायचा, "सर, खिळे जुळवले, शाई लावली. मग कागद आत कोण घालतं?"

प्रश्न साधा वाटतो, पण छपाईची निम्मी गोष्ट त्यात आहे. खिळे एकदा जुळवले की हजारो प्रतींना पुरतात. शाई रुळाने पसरते. कागद मात्र दर प्रतीला नवा लागतो. तो एकच उचलायचा, दोन नाहीत. तो नेमका जागेवर ठेवायचा, तिरका नाही. दाब बसला की फाटू न देता बाहेर काढायचा, आणि लगेच पुढचा. सुमारे चारशे वर्षे हे काम माणसाच्या हाताने केले, आणि छपाईचा वेग त्या हाताने ठरवला. आज त्या हाताविषयी लिहावेसे वाटले.

आधी जुना लाकडी हातदाबाचा छापखाना डोळ्यापुढे आणा. त्यावर दोन माणसे. एक खिळ्यांना शाई लावणार, दुसरा कागद लावणार आणि दांडा ओढणार. कागद आदल्या दिवशी थोडा ओला करून वजनाखाली दाबून ठेवलेला असे, कारण ओलसर कागद शाई चांगली घेतो. यंत्राला बिजागरीने जोडलेली एक चौकट असे. तिच्यावर कागद ठेवायचा. चौकटीला दोन टोकदार सुया असत, त्या कागदात घुसून दोन बारीक भोके पडत. पाठची बाजू छापताना तीच भोके पुन्हा त्याच सुयांवर बसवली की पुढचा आणि मागचा मजकूर एकमेकांच्या बरोबर पाठीला येई. कागदावर आणखी एक पातळ चौकट मिटायची, म्हणजे समासाला शाईचे डाग लागत नसत. मग सगळे दाबाखाली सरकवायचे, दांडा ओढायचा, परत बाहेर काढायचे. दोन कसलेली माणसे तासाला दोनशे ते अडीचशे कागद एका बाजूने छापत. गुटेनबर्गनंतर साडेतीनशे वर्षे हा आकडा फारसा हललाच नाही!

तो हलला १८१४ साली. २९ नोव्हेंबरचा लंडनचा 'टाइम्स' केनिग आणि बाउअर या जर्मन जोडीने बनवलेल्या वाफेच्या यंत्रावर छापला गेला. मालकांनी हे काम रातोरात गुपचूप उरकले. हातदाबावरच्या कामगारांना सांगितले होते की परदेशाची बातमी यायची आहे, थांबा. पोटावर पाय येणार म्हणून कामगार यंत्र फोडतील ही धास्ती होती. या यंत्रात सपाट दाबाऐवजी फिरणारा दंडगोल होता, आपल्याकडचे छापखानेवाले ज्याला सिलिंडर म्हणतात तो. वेग तासाला अकराशे कागद.

आता गणित करा. अकराशे म्हणजे सव्वातीन सेकंदांना एक कागद. वाफेला यापेक्षा जोरात फिरायला काहीच हरकत नव्हती. पण कागद लावणारा होता माणूसच. उतरत्या फळीवर कागदांची थप्पी, त्यातला एक सुटा करायचा, खाली सरकवायचा, समोरच्या आणि बाजूच्या अटकावाला टेकवायचा. तेवढ्यात सिलिंडरचे चिमटे मिटतात आणि कागद ओढून नेतात. त्यांची वेळ ठरलेली. ते कोणासाठी थांबत नाहीत.

मग वेग वाढवायचा कसा? तर हात वाढवा! १८२८ च्या सुमारास 'टाइम्स'मध्ये अॅपलगाथ आणि काउपर यांचे चार सिलिंडरांचे यंत्र आले. तासाला चार हजार प्रती, आणि कागद लावायला चार माणसे. १८४८ मध्ये आठ सिलिंडरांचे उभे यंत्र आले, वेग दहा हजारांच्या आसपास आणि कागद लावणारे आठ. तिकडे अमेरिकेत हो नावाच्या कारखानदाराने खिळेच फिरत्या सिलिंडरवर बसवले. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने ते यंत्र घेतले. त्याचे पुढे दहा माणसांनी कागद लावायचे मोठे रूप निघाले, ते तासाला वीस हजार छापायचे.

दर माणशी भाग देऊन पाहा. चार हजार भागिले चार, हजार. दहा हजार भागिले आठ, साडेबाराशे. वीस हजार भागिले दहा, दोन हजार. यंत्र दुमजली घराएवढे झाले, पण एका माणसाचा हात तासाला हजार ते दोन हजारांच्या पुढे गेला नाही. इतिहासात यंत्र बनवणाऱ्यांची नावे आहेत. त्या फळ्यांवर उभे राहून दर दोन-तीन सेकंदांना एक कागद सरकवणाऱ्यांची नाहीत.

तुम्ही म्हणाल, कागदाचे लांबलचक रीळ का नाही वापरले? १७९८ पासून फ्रान्समध्ये रॉबेर याच्या यंत्राने सलग लांब कागद बनू लागला होता. गंमत अशी की इंग्लंडमध्ये आड आला तो सरकारी कर. वर्तमानपत्राच्या प्रत्येक कागदावर छपाईपूर्वीच सरकारी शिक्का मारून घ्यावा लागे, त्यामुळे कागद सुटेच हवेत. पुढे १८४० मध्ये ज्यांच्यामुळे जगातले पहिले डाकतिकीट निघाले त्या रोलंड हिल यांनी १८३५ मध्येच रिळावर छापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पण शिक्क्यापुढे इलाज चालला नाही. १८५५ मध्ये तो कर उठला. १८६० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बुलक याने रिळावर दोन्ही बाजूंनी छापणारे यंत्र चालवून दाखवले. कागद लावणाऱ्याची गरजच संपली. दुर्दैव असे की १८६७ मध्ये त्याच यंत्रात पाय सापडून बुलकचा मृत्यू झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रिळाचे यंत्र ज्याचा खप हजारोंनी आहे त्याच्याच कामाचे. त्याला भांडवल लागते, इंजिन लागते, रोज मजकूर लागतो. मग खेड्याने काय करायचे?

याचे उत्तर आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) सापडते. वर्तमानपत्रांशी आपले नाते जुने. 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक १८४२ मध्ये नगरातूनच सुरू झाले आणि नंतर मुंबईला गेले. पण मला अधिक अभिमान वाटतो तो मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्र'चा. १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढणारे सत्यशोधक कृष्णराव भालेकर हे त्यांचे जन्मदाते. दत्तक गेल्यामुळे ते पाटील झाले. १९१० साली त्यांनी 'दीनमित्र' सुरू केले. पहिली वर्षे सोमठाण्यातून आणि पुढे नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून हे पत्र निघत राहिले, ते १९६७ मध्ये मुकुंदराव जाईपर्यंत. पुण्या-मुंबईचे पत्र नव्हे, खेड्यात बसून खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी काढलेले! सावकार, कुलकर्णी, भटभिक्षुकी यांच्यावर सडेतोड लिहिणारे. 'कुलकर्णी लीलामृत' लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून राहणे किती दिवस परवडणार? त्यांनी छापखानाही गावातच आणला.

आता पुन्हा गणित. समजा एखाद्या साप्ताहिकाच्या एक हजार प्रती काढायच्या आहेत, चार पानी. म्हणजे हजार कागद, दोन्ही बाजू मिळून दोन हजार छाप. तासाला अडीचशेच्या हातदाबावर आठ तास, पायाने चालवायच्या ट्रेडलवर दोन-तीन तास. आठवड्यातला एक दिवस! ना वीज, ना वाफ. खेड्याच्या गरजेला माणसाचा हात पुरून उरतो. लंडनला जी अडचण वाटली, ती तरवडीसारख्या ठिकाणी अडचणच नव्हती. उलट हाताने कागद लावायचे यंत्र स्वस्त आणि साधे होते, म्हणूनच शहराच्या बाहेर कोणाला तरी स्वतःचे चार शब्द छापता आले. मला हे फार मोलाचे वाटते. सगळी छपाई रिळावरच झाली असती तर बोलण्याचा हक्कही रीळ विकत घेऊ शकणाऱ्यांपाशीच राहिला असता.

पण या स्वस्ताईची किंमत कोणीतरी देत होते, तेही सांगितले पाहिजे.

ट्रेडल मशीन मी जवळून पाहिले ते सत्तरच्या दशकात. प्रश्नपत्रिका फुटू नयेत म्हणून छपाई चालू असताना शाळेतल्या एका शिक्षकाने छापखान्यात बसायचे आणि कागद मोजून घ्यायचे अशी पद्धत होती. तरुण म्हणून ते काम माझ्याकडे. हे यंत्र मूळ अमेरिकेतल्या गॉर्डन याच्या १८५१ च्या सुमाराच्या रचनेच्या कुळातले. त्याचा जबडा उघडतो आणि मिटतो. एका बाजूला खिळे, दुसऱ्या बाजूला कागद ठेवायची सपाट पाटी. जबडा उघडला की उजव्या हाताने कोरा कागद पाटीवरच्या टाचण्यांना टेकवायचा, डाव्या हाताने छापलेला काढायचा, आणि तो मिटायच्या आत दोन्ही हात बाहेर. खाली पाय चालूच. तासाला हजार वेळा.

तिथल्या मशीनमनच्या उजव्या तर्जनीचे पेर नव्हते. मी नको तिकडे पाहतोय हे त्यांच्या लक्षात आले असावे. म्हणाले, "सर, कागद वाकडा बसला तर बसू द्यावा, वाया जाऊ द्यावा. सरळ करायला हात घातला की संपलं." मी विचारले, "मग घातलात कशाला?" ते हसले. "कागद मालकाचा होता ना!"

ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. यंत्राला एक दांडा असतो, तो ओढला की जबडा मिटला तरी दाब बसत नाही. कागद चुकला तर दांडा ओढायचा, एवढी सोय शंभर वर्षांपूर्वीच केलेली होती. पण एक कागद वाया जाण्याची भीती बोटापेक्षा मोठी असेल, तर दांडा असून उपयोग काय?

त्यांच्याकडून आणखीही शिकलो. थप्पी यंत्राजवळ ठेवण्याआधी ते ती वाकवून, कडा मोकळ्या करून आत हवा खेळवत, म्हणजे कागद सुटे होत. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि दोन रंगांचे काम जुळत नाही. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात कागद एकमेकांना चिकटतात आणि जोडीने येतात. बोटाच्या स्पर्शाने एक आहे की दोन, हे त्यांना न बघता कळे. अपुऱ्या बोटानेसुद्धा!

हे बोटाचे ज्ञान यंत्राला शिकवायला बराच काळ लागला. स्वयंचलित यंत्राने काय केले? हवा फुंकून वरचा कागद सुटा केला आणि हवा ओढून नळ्यांनी तो उचलला. म्हणजे मशीनमन जे करत तेच! १९१४ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या कारखान्याने लाइपझिगच्या प्रदर्शनात असे यंत्र मांडले. त्यात पवनचक्कीसारखे दोन फिरते हात असतात. एक कोरा कागद आत नेतो, तेव्हाच दुसरा छापलेला बाहेर आणतो. उजवा हात आणि डावा हात, अगदी ट्रेडलवरच्या माणसासारखे. वेग तासाला पाच हजारांपर्यंत, आणि बोटे शाबूत. पुढे ऑफसेट आले, संगणक आले, आणि खिळे भंगारात गेले.

यंत्राने माणसाचे काम घेतले याचे दुःख करावे की बोटे वाचली याचा आनंद? माझे उत्तर सरळ आहे. बोटे वाचली हे चांगलेच झाले. फक्त ज्यांची गेली त्यांची आठवण इतिहासात एका ओळीने तरी असावी. आपण ज्या पुस्तकांवर शिकलो, ज्या लग्नपत्रिका बहिणाबाळींच्या लग्नात वाटल्या, ज्या प्रश्नपत्रिकांनी मुलांना घाम फोडला, त्यातला प्रत्येक कागद कोणीतरी एकेक करून हाताने लावलेला होता.

आमच्या नातवाचा प्रिंटर परवा घरात कागद अडकवून बसला होता. दोन कागद एकदम ओढले होते त्याने! मी थप्पी बाहेर काढली, वाकवली, कडा मोकळ्या करून हवा खेळवली आणि परत ठेवली. चालू झाला. नातू म्हणाला, "आजोबा, हे कुठे शिकलात?"

मग त्याला हे सगळे सांगावे लागले. तुमच्याही घराण्यात कोणी छापखान्यात काम केलेले असेल, तर त्यांना विचारून ठेवा. ती पिढी आता थकली आहे.