हप्ता संपतो, भाडं संपत नाही

मुंबईच्या टॅक्सीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. काळीपिवळी, पद्मिनी, पावसातल्या वायपरचा खरखराट वगैरे वगैरे. नॉस्टॅल्जियाचं दुकान एकदम जोरात चालतं! पण त्या टॅक्सीत बसून जो माणूस दिवसाचे दहा-बारा तास स्टिअरिंग फिरवतो, त्याच्या खिशात नक्की काय उरतं, आणि ते कोणामुळे उरतं, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. या वीकएंडला तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात घोड्यापासून करू. मुंबईत मोटार यायच्या आधी भाड्याचं वाहन म्हणजे व्हिक्टोरिया. १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, आणि १९११ मध्ये मोटार टॅक्सी. म्हणजे टॅक्सी ही आपल्या बेस्टच्या बसपेक्षाही जुनी (पहिली मोटार बस १९२६ ची). गंमत म्हणजे मोटार आली म्हणून घोडागाडी लगेच गेली नाही. पुढची शंभर वर्षं दोघी एकाच शहरात नांदल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा कुठे त्यांचा शेवट झाला.

घोडा असो की मोटार, धंद्याचं गणित मात्र तेच राहिलं. चालवणारा एक, मालक दुसरा. चालवणाऱ्याने मालकाला रोजचं ठरलेलं भाडं द्यायचं, दाणापाणी किंवा पेट्रोल आपल्या खिशातून टाकायचं, आणि उरेल ते आपलं.

आता हे ऐकायला ठीक वाटतं. पण जरा कागदावर मांडून बघा. समजा (आकडे माझ्या मनाचे, फक्त गणित कळावं म्हणून) दिवसाचा गल्ला १००० रुपये, मालकाचं भाडं ४००, इंधन ३००. हातात उरले ३००. आता एक दिवस पाऊस लागला, रस्ते तुंबले, गल्ला ७०० वर आला. इंधन थोडं कमी, समजा २५०. मालकाचे ४०० तसेच. हातात ५० रुपये! गल्ला ३० टक्क्यांनी घसरला आणि कमाई ८० टक्क्यांहून जास्त. म्हणजे शहरात जे काही वाईट घडेल, मग तो बंद असो, पूर असो की दंगल, त्याची सगळी जोखीम चालवणाऱ्याच्या डोक्यावर. मालकाचं उत्पन्न फिक्स्ड डिपॉझिटसारखं.

यावर उपाय काय? सोपा आहे, स्वतःची गाडी घ्या. पण पैसे आणायचे कुठून?

साठच्या दशकातल्या बँकांचा विचार करा. १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्याआधी बँक म्हणजे मुख्यत्वे कारखानदार आणि व्यापाऱ्यांची जागा. फलाटाजवळच्या टॅक्सी स्टँडवर गाडीतच झोपणारा माणूस तिथे कर्ज मागायला गेला, तर त्याच्याकडे तारण म्हणून दाखवायला होतं काय? एक लायसन्स आणि एक बॅज. मग उरला सावकार. त्याच्या व्याजात आणि मालकाच्या भाड्यात डावं-उजवं करणं कठीण.

इथे गोष्टीत जॉर्ज फर्नांडिस येतात. मंगळूरहून मुंबईत आलेला, सुरुवातीला चौपाटीवर झोपून दिवस काढलेला हा तरुण पुढे टॅक्सीवाल्यांचा आणि महापालिका कामगारांचा नेता झाला. १९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटलांसारख्या बड्या नेत्याला पाडलं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांनी पुकारलेले बंदही लोकांच्या लक्षात आहेत. पण माझ्या मते त्यांचं खरं भन्नाट काम त्यानंतरच्या वर्षीचं, १९६८ मधलं. त्यांनी चक्क एक बँक काढली! बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक. ज्यांना बँकेच्या दारात कोणी उभं करत नाही, अशा कष्टकऱ्यांना कर्ज मिळावं म्हणून. त्यात टॅक्सीवालेही आले.

बंद पुकारून भाडेवाढ मिळते, पण गाडी कोणाची हा प्रश्न तसाच राहतो. कर्जाने तो प्रश्न सुटतो. कर्जाचा हप्ताही भाड्यासारखाच दर महिन्याला मानगुटीवर बसतो हे खरं, पण एक फार मोठा फरक आहे. हप्ता कधीतरी संपतो, भाडं संपत नाही. शेवटचा हप्ता भरला की तीच गाडी, तोच रस्ता, तेच बारा तास, आणि वरच्या उदाहरणातले ते ४०० रुपये (मेंटेनन्स वजा करून) घरी यायला लागतात. त्या पैशातून पोरांच्या फिया भरता येतात.

यात गाडीचाही वाटा होताच. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी फियाट ११०० डिलाइट, जी पुढे पद्मिनी म्हणून प्रसिद्ध झाली. १०८९ सीसीचं छोटं इंजिन, गिअर स्टिअरिंगला, आणि कुठल्याही गल्लीतला मेकॅनिक पाना घेऊन उघडू शकेल अशी रचना. दुरुस्ती स्वस्त म्हणजे गाडी जास्त वर्षं टिकणार, आणि हप्ता फिटल्यानंतरची वर्षं हीच खरी कमाईची. सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर लो मेंटेनन्स कॉस्ट, लाँग सपोर्ट :)

पुढे चित्र बदललं. १९९० च्या दशकात मुंबईत सुमारे ६३ हजार टॅक्सी होत्या. १९९७ मध्ये राज्य सरकारने नवे परवाने देणं थांबवलं. कारण रास्त होतं, रस्त्यावर जागाच उरली नव्हती. पण परिणाम काय झाला? आता गाडीपेक्षा परमिट दुर्मिळ झालं. ज्याच्याकडे परमिट तो मालक, आणि गावाहून नवीन आलेला पोरगा पुन्हा रोजच्या भाड्यावर. म्हणजे साठच्या दशकात अडसर होता भांडवलाचा, आता कागदाचा. ही परवानाबंदी उठायला २०१७ साल उजाडलं.

पण तोवर ओला, उबर येऊन स्थिरावल्या होत्या, आणि खेळच बदलला होता. गाडी मिळत होती, कर्जही पटकन मिळत होतं, सुरुवातीचे इन्सेंटिव्ह तर डोळे दिपवणारे. मग दुर्मिळ काय झालं? गिऱ्हाईक! ते आता रस्त्यावर हात दाखवत उभं नव्हतं, फोनमध्ये होतं, आणि फोनच्या मधोमध कंपनी. इन्सेंटिव्ह आटले, हप्ते मात्र चालू राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या अ‍ॅप टॅक्सीवाल्यांनी मोठा संप केला तो यामुळेच. २०२० मध्ये केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली, की भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा. चांगलंच आहे. पण हे २० टक्के कधी संपणार? ते संपत नाहीत. ते भाडं आहे, हप्ता नाही. फक्त एक मान्य करायला हवं, की टक्केवारी असल्याने पावसाच्या दिवशी तीही कमी होते. जुना मालक एवढाही दयाळू नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्याने रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो, फेसबुकवर हळहळ, सगळं झालं. पण मला जास्त चटका लावून गेली ती दुसरी बातमी. बॉम्बे लेबर बँकेचं नाव १९७७ मध्ये बदलून न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झालं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये १२२ कोटींच्या अपहाराचं प्रकरण बाहेर आलं आणि रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले. शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेवीदार सुटले, पण टॅक्सीवाल्यांना मालक करायला निघालेल्या एका बँकेचं नावही त्याबरोबर गेलं. त्यावर कोणी हळहळलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

पुढच्या वेळी कॅबमध्ये बसाल तेव्हा गप्पा मारायला विषय नसेल, तर एवढंच विचारून बघा: "दादा, गाडी स्वतःची का?" "हो, दोन वर्षांत कर्ज फिटेल" असं उत्तर आलं, तर त्या माणसाच्या डोक्यात एक तारीख पक्की असते, जिची तो वाट बघतोय. आणि "नाही, भाड्याने चालवतो" असं आलं तर त्याला तशी तारीखच नसते.

असो. सोमवार आलाच. भेटू पुढच्या वीकएंडला.