खानेसुमारी आणि जाफराबादचे मजूर

पूर्णा आणि खेळणा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादचा इतिहास सांगताना गढीची तटबंदी आणि जुन्या मशिदी यांचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु ज्यांच्या श्रमांतून येथला वसूल सरकारी खजिन्यात जमा होई, त्या पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेल्या सालगड्यांशी आणि त्यांच्या बायकांशी जुन्या दफ्तरांना फारसे कर्तव्य नव्हते, कारण दफ्तरांची नजर जमिनीवर आणि साऱ्याच्या बाकीवर खिळलेली असे. १८८१ पासून, जाफराबाद ज्यात होते त्या निजामाच्या मुलखातही, माणसांची शिरगणती सुरू झाली आणि कष्टकरी प्रथमच आकड्यांत आला.

या आकड्यांत १९७१ चा आकडा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. देशाची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ४४ कोटींवरून ५५ कोटींवर गेली असताना कामकऱ्यांची संख्या मात्र १८.९ कोटींवरून १८ कोटींवर उतरली, आणि त्यांतील स्त्रिया ५.९ कोटींवरून ३.१ कोटींवर आल्या. स्त्रियांनी खुरपे खाली ठेवले नव्हते. माणसाचे मुख्य काम कोणते, हे त्या वर्षी आधी विचारून त्यावरूनच कामकरी ठरवल्यामुळे, पहाटे चूल पेटवून दिवसभर निंदणी-वेचणी करणारी बाई कागदावर केवळ गृहिणी ठरली.

पुढच्याच वर्षी दुष्काळाने या गणतीचे खंडन केले. जाफराबाद तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि त्या जिल्ह्यासह राज्यभर खडी फोडण्याच्या व पाझर तलावांच्या कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे मस्टरवर होती, ज्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. त्याच अनुभवातून बळ मिळालेल्या रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अंमलात आला.

पुढे जालन्याचा बियाणे-उद्योग वाढला, आणि जाफराबाद-देऊळगाव राजा पट्ट्यातील शेतांत बीजोत्पादनाचे प्लॉट उभे राहिले. संकरित कपाशीच्या प्लॉटमध्ये सायंकाळी कळीतील पुंकेसर काढून सकाळी परागीकरण करण्याचे नाजूक काम बहुतांशी स्त्रियांच्याच बोटांनी होते. २०११ च्या खानेसुमारीपर्यंत देशातील कामकरी ४८ कोटींवर गेले आणि शेतमजूर १४.४ कोटी होऊन ११.९ कोटी शेतकऱ्यांच्या पुढे निघून गेले.

येत्या खानेसुमारीचा प्रगणक दारी येईल तेव्हा, वाचकहो, घरच्या शेतात राबणाऱ्या बाईला आपले काम स्वतःच्याच तोंडून त्याला सांगू द्या.