संमिश्र प्रशिक्षण : धाराशिव जिल्हा

प्रत्यक्ष वर्ग आणि दूरस्थ माध्यमे यांचा नियोजनपूर्वक मेळ घालून दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणास संमिश्र प्रशिक्षण म्हणतात. छापील स्वयं-अध्ययन साहित्य, नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि अलीकडील काळात संगणक व भ्रमणध्वनी यांवरील ऑनलाइन पाठ यांचा दूरस्थ माध्यमांत समावेश होतो. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात असे प्रशिक्षण मुख्यतः सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी योजले गेले. त्याचा सुमारे तीन दशकांचा इतिहास पाहता माध्यमे वारंवार बदलत गेली. परंतु शिकलेली अध्यापनपद्धती वर्गात उतरविताना शिक्षकाचे काम पाहणारे व त्यास दुरुस्ती सुचविणारे कोणी जवळपास असावे, ही गरज कायम राहिली. अध्ययन-उपपत्तींचे उपयोजन कोणत्या अभ्यासक्रमात कितपत झाले, याचा निर्णय याच कसोटीवर करावा लागतो.

पार्श्वभूमी : हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला. २०२३ मध्ये जिल्ह्याचे धाराशिव हे नाव अधिकृत झाले. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परांडा व वाशी हे जिल्ह्याचे आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती. बालाघाटच्या रांगांनी व्यापलेला हा भाग अवर्षणप्रवण आहे. भूम, वाशी, कळंब, परांडा या तालुक्यांतून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी बाहेर जातात. उमरगा तालुका कर्नाटकाच्या सीमेस लागून असल्याने तेथे कन्नडचा वावर आहे, तर तांड्यांवरील मुले घरी बंजारा बोली बोलतात. लहान वस्त्यांवरील अनेक शाळा द्विशिक्षकी असून एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक इयत्ता असतात. असा एक शिक्षक दहा दिवस प्रशिक्षणास गेला, तर शाळेचे निम्मे अध्यापन थांबते. दूरस्थ माध्यमांचे आकर्षण या जिल्ह्यात प्रथमपासून असण्याचे हे एक प्रमुख कारण होय. मात्र याच परिस्थितीमुळे शिक्षकास पडणारे प्रश्न इतके स्थानिक स्वरूपाचे असतात, की राज्यभर एकसारख्या पाठविलेल्या पाठात त्यांची उत्तरे क्वचितच मिळतात.

अध्ययन-उपपत्ती व प्रशिक्षण : ई. एल. थॉर्नडाइक (१८७४–१९४९) याने प्राण्यांवरील प्रयोगांवरून परिणामाचा नियम मांडला. ज्या कृतीचा परिणाम समाधानकारक असतो, ती कृती दृढ होते, असे त्याचे प्रतिपादन होते. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) याने त्यातून प्रबलनाची उपपत्ती विकसित केली आणि १९५४ मध्ये अध्यापनयंत्राचा पुरस्कार केला. आशयाचे लहान लहान टप्पे पाडावेत, प्रत्येक टप्प्यावर प्रश्न विचारावा व उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ सांगावे, ही त्याची क्रमान्वित अध्ययनाची पद्धती आजच्या ऑनलाइन पाठांच्या रचनेत जवळजवळ जशीच्या तशी आढळते. झां प्याजे (१८९६–१९८०) व एल. एस. व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या विचारांवर आधारलेल्या ज्ञानरचनावादानुसार शिकणारा आपले ज्ञान अनुभवांतून स्वतः रचतो. जे काम त्याला एकट्याने जमत नाही, परंतु जाणत्याच्या साहाय्याने जमू शकते, त्या मर्यादेत अध्यापन केल्यास ते फलदायी ठरते, असे व्हिगॉट्स्कीने दाखविले. ॲल्बर्ट बँड्युरा (१९२५–२०२१) याने दुसऱ्यांचे निरीक्षण करून होणाऱ्या अध्ययनाचे महत्त्व विशद केले. डेव्हिड कोल्ब याने १९८४ मध्ये अनुभव, चिंतन, संकल्पना व पुनःप्रयोग असे अध्ययनाचे चक्र मांडले.

शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स यांचे १९८० पासूनचे विवेचन विशेष उपयुक्त आहे. उपपत्तीचे कथन, प्रात्यक्षिक, सराव, प्रत्याभरण व प्रत्यक्ष वर्गातील मार्गदर्शन असे प्रशिक्षणाचे पाच घटक त्यांनी वेगळे केले. पहिल्या दोहोंमुळे शिक्षकास माहिती होते. ती वर्गात वापरात येण्यास शेवटचा घटक आवश्यक ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कथन व प्रात्यक्षिक दूरस्थ माध्यमाने सहज पोहोचविता येतात. शेवटचे घटक मात्र माणसाच्या सान्निध्याशी निगडित आहेत.

सीमेलगतचा प्रयोग : भारतात संमिश्र पद्धतीने शिक्षक-प्रशिक्षण देण्याचा पहिला मोठा प्रयत्न उपग्रहीय शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगाच्या काळात (१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६) झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत राबविलेल्या या प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. तथापि कर्नाटकातील निवडलेल्या गुलबर्गा, विजापूर व रायचूर या जिल्ह्यांपैकी गुलबर्गा (सध्याचा कलबुर्गी) उस्मानाबाद जिल्ह्यास लागूनच होता. या काळात सहाही राज्यांतील मिळून सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना प्रत्येकी बारा दिवसांचे विज्ञान-प्रशिक्षण दोन फेऱ्यांत देण्यात आले. दूरचित्रवाणीवरील पाठ, नभोवाणीवरील कार्यक्रम, छापील कृतिपुस्तिका आणि केंद्रावरील मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील प्रयोग असे त्याचे स्वरूप होते. सकाळी पडद्यावर पाहिलेला प्रयोग त्याच दिवशी हाताने करून पाहण्याची सोय असल्याने कथन, प्रात्यक्षिक व सराव हे तिन्ही घटक त्यात एकत्र आले. वर्गातील पुढील मार्गदर्शनाची व्यवस्था मात्र प्रयोगासोबतच संपली.

मुक्त विद्यापीठाचा काळ : नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. राम ताकवले हे त्याचे संस्थापक-कुलगुरू होत. सेवेत असलेल्या शिक्षकांस नोकरी न सोडता शिक्षणशास्त्राची पदवी घेण्याची संधी या विद्यापीठामुळे मिळाली. विद्यापीठाची पाठ्यपुस्तके स्वयं-अध्ययनासाठी लिहिलेली होती. आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न व शेवटी त्यांची उत्तरे ही त्यांची रचना क्रमान्वित अध्ययनाशी नाते सांगणारी होती. पुस्तकाने वाचकाशी संवाद साधावा, हे बर्जे होल्मबर्ग या दूरशिक्षणतज्ज्ञाचे तत्त्वही तीत दिसते. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे व शाळेतील सराव पाठ हा या अभ्यासक्रमाचा प्रत्यक्ष भाग होय. शिक्षकाची नेहमीची शाळा हीच त्याची प्रयोगशाळा ठरल्यामुळे शिकणे व वापरणे यांत अंतर राहिले नाही, हा या योजनेचा मोठा गुण होता.

भूकंपोत्तर प्रशिक्षण : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. लोहारा परिसरातील सास्तूर हे त्यांपैकी एक होय. पुनर्वसनकार्यात घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हा एक स्वतंत्र भाग होता. त्यासाठी गावोगावी स्त्रियांची संवाद साहाय्यक म्हणून निवड करण्यात आली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने या कामात पुढाकार घेतला. भूकंपरोधक बांधकामाची तत्त्वे शेजारच्या घराच्या प्रत्यक्ष दुरुस्तीतून समजून घ्यावयाची व पुढील गावातील स्त्रियांना सांगावयाची, अशी ही रीत होती. या प्रशिक्षणात दूरस्थ माध्यमाचा वाटा नगण्य असला, तरी निरीक्षणातून व समवयस्कांकडून होणाऱ्या अध्ययनाचे जिल्ह्यातील ते एक ठळक उदाहरण आहे. पुढील शिक्षक-प्रशिक्षणांत जो दुवा वारंवार निसटला, तो येथे कामाच्या स्वरूपातच अंतर्भूत होता.

केंद्रव्यवस्था : जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील औरंगाबाद, लातूर, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडण्यात आले (१९९४). याच सुमारास राज्यात सर्वसाधारणपणे दहा शाळांमागे एक केंद्र व त्यावर केंद्रप्रमुख अशी रचना झाली. परिसरातील शिक्षक मासिक परिषदेसाठी केंद्रशाळेत जमू लागले. आदर्श पाठ, त्यावरील चर्चा व शैक्षणिक साहित्याची निर्मिती हे या परिषदांचे अपेक्षित काम होते. केंद्रप्रमुखाने शाळांना भेटी देऊन शिक्षकांचे पाठ पाहावेत, असेही अभिप्रेत होते. जॉइस व शॉवर्स यांनी सांगितलेला शेवटचा घटक यामुळे शिक्षकापासून काही किलोमीटरांच्या अंतरावर आला.

या काळातील आशयावर किमान अध्ययन क्षमतांच्या राष्ट्रीय आराखड्याची (१९९१) छाप होती. राज्याचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित होता. विद्यार्थ्याने एक क्षमता पूर्णतः आत्मसात केल्यावरच पुढील क्षमतेकडे जावे, हा त्यामागील विचार बेंजामिन ब्लूम याच्या प्रभुत्व-अध्ययनाच्या संकल्पनेशी जुळणारा आहे. प्रशिक्षण मात्र राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे व तेथून केंद्राकडे असे पायरीपायरीने उतरत असे. प्रत्येक पायरीवर त्यातील प्रात्यक्षिकाचा भाग घटून व्याख्यानाचा भाग वाढत जाण्याचा धोका या पद्धतीत असतो. तो टाळण्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या साहाय्याने दूरशिक्षणाचा एक उपक्रम या कार्यक्रमास जोडण्यात आला. त्यात दूरपरिषदा व दृक्-श्राव्य साहित्य यांचा वापर होता.

ज्ञानरचनावादाचा स्वीकार : राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला आणि राज्याच्या पुढील अभ्यासक्रमांत त्याचे प्रतिबिंब उमटले. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू झाला. या काळात सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळा पाहण्यासाठी राज्याच्या विविध भागांतील शिक्षक जाऊ लागले. पाहून शिकण्याच्या या प्रवासांनी परिपत्रकांपेक्षा अधिक परिणाम साधला. मात्र काही ठिकाणी वर्गाच्या फरशीवर आकृत्या रंगविणे, एवढाच ज्ञानरचनावादाचा अर्थ घेतला गेला. जे दिसते त्याचे अनुकरण लवकर होते व त्यामागील विचार मागे राहतो, ही निरीक्षणजन्य अध्ययनाची मर्यादा यात स्पष्ट होते.

ऑनलाइन प्रशिक्षण : ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने दीक्षा हे शिक्षकांसाठीचे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. २०१९ मध्ये आरंभ झालेले निष्ठा प्रशिक्षण प्रथम प्रत्यक्ष वर्गांत दिले जात होते. मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ऑक्टोबर २०२० पासून निष्ठा प्रशिक्षण दीक्षावर अठरा घटकसंचांच्या रूपाने उपलब्ध झाले. चित्रफीत, वाचनपाठ, कृती व शेवटी बहुपर्यायी चाचणी अशी घटकसंचांची रचना होती. त्यांच्या आशयात ज्ञानरचनावाद, कृतिशीलता व सर्वसमावेशक वर्ग यांचे विवेचन होते. त्यांची रचना मात्र बव्हंशी वर्तनवादी होती. शिक्षकाने विद्यार्थ्यास अनुभव द्यावा, असे सांगणारा पाठ शिक्षकास स्वतः चित्रफीत पाहून पर्याय निवडावयास लावी. ही विसंगती दूर करणारा घटक म्हणजे केंद्रपरिषद. परंतु साथीच्या काळात तीही ऑनलाइन झाली.

प्रबलनाच्या उपपत्तीचा आणखी एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. शिक्षकांना बारा वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर निवड वेतनश्रेणी मिळण्यासाठी विहित प्रशिक्षण आवश्यक असते. २०२२ मध्ये हे प्रशिक्षण राज्यात ऑनलाइन घेण्यात आले. अशा व्यवस्थेत प्रबलन मिळते ते घटकसंच पूर्ण करण्यास. वर्गातील बदल नोंदला जात नाही आणि म्हणून त्यास प्रबलनही मिळत नाही. यात शिक्षकाची अनास्था शोधणे उचित नव्हे. ज्या वर्तनास फळ मिळते, तेच दृढ होते, हे थॉर्नडाइकने सांगितलेच आहे.

मूल्यमापन : अमेरिकेच्या शिक्षणविभागाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन-समीक्षेत संमिश्र अभ्यासक्रम केवळ प्रत्यक्ष अध्यापनापेक्षा काहीसे सरस आढळले. तथापि त्यांत विद्यार्थ्यांना मिळालेला जादा वेळ व साहित्य हे त्याचे कारण असू शकते, असा इशाराही त्याच समीक्षेत आहे. दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमालांगा प्रांतातील प्राथमिक शाळांत झालेला प्रयोग येथे अधिक उद्बोधक ठरतो. काही शाळांत मार्गदर्शक वर्गात येऊन शिक्षकास साहाय्य करीत, तर काही शाळांत ते टॅबलेट व दूरध्वनी यांद्वारे दिले जाई. पहिल्या वर्षाअखेर दोहोंचा परिणाम सारखाच दिसला. तीन वर्षांनंतर मात्र प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत मुलांचे इंग्रजी वाचन सुधारले होते. दूरस्थ मार्गदर्शनाच्या शाळांत ते सुधारले नव्हते.

धाराशिव जिल्ह्याच्या अनुभवाशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. आशयज्ञान पोहोचविण्यास ऑनलाइन घटकसंच समर्थ असून त्यामुळे द्विशिक्षकी शाळेचा शिक्षक शाळा न सोडता शिकू शकतो, हा लाभ मोठा आहे. परंतु ऊसतोडणीहून परतलेल्या मुलाचा खंडित अभ्यास कसा सांधावा, तांड्यावरील मुलास प्रमाण मराठीकडे कसे न्यावे, हे प्रश्न परिसरातील शिक्षकांच्या चर्चेत व एकमेकांचे पाठ पाहण्यातच सुटू शकतात. त्यासाठीची व्यवस्था १९९० नंतरच्या दशकात केंद्राच्या रूपाने उभी राहिली होती. पुढे राज्यभर केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि जे पदावर होते त्यांचा वेळ माहितीसंकलनात जाऊ लागला. ऑनलाइन माध्यमाचा प्रसार व केंद्राची क्षीणता या दोन घटना एकाच काळात घडल्यामुळे संमिश्र प्रशिक्षणातील प्रत्यक्ष अंग दुबळे झाले.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. या तासांतील कथनाचा भाग घटकसंचांकडे सोपवून केंद्रपरिषदेचा वेळ पाठनिरीक्षण व प्रत्याभरण यांसाठी राखणे, तसेच प्रमाणपत्रासाठी शिक्षकाने वर्गात केलेल्या एखाद्या प्रयोगाची नोंद ग्राह्य धरणे, हे अध्ययन-उपपत्तींशी सुसंगत ठरेल. त्यासाठी नव्या यंत्रणेची आवश्यकता नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तालुक्याचे गट साधन केंद्र व शाळांच्या परिसरातील केंद्र ही साखळी जिल्ह्यात अस्तित्वात आहे. केंद्रातील पदे भरली जाणे व तेथील वेळ अध्यापनविषयक कामासाठी मोकळा होणे, यांवर संमिश्र प्रशिक्षणाचे या जिल्ह्यातील यश अवलंबून राहील.