इंटरनेटच्या वाटा दोन, पहाराही दोन्हींवर हवा

३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन केबल तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. एकाच मार्गावर विसंबण्यातील धोका त्या घटनेने स्पष्ट केला. हा धोका टाळण्यासाठी कार्यालये दोन कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घेतात आणि त्यांच्यावर ‘लिंक बॅलन्सर’ हे उपकरण बसवितात. मात्र, त्याची मांडणी चुकल्यास दुसरी जोडणी ऐन वेळी कुचकामी ठरते किंवा घुसखोरांसाठी मागचे दार बनते.

जोडण्यांची मांडणी

प्रत्येक जोडणीचा आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे उपकरणात स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. कार्यालयातील संगणकांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देता येतात. बाहेर जाताना उपकरण त्यांचे रूपांतर त्या जोडणीच्या सार्वजनिक पत्त्यात करते. एक जोडणी २० आणि दुसरी १० एमबीपीएसची असल्यास भार दोनास एक या प्रमाणात विभागावा. अर्थात, त्यामुळे एखादी फाइल ३० एमबीपीएस वेगाने उतरत नाही. लाभ होतो तो अनेकांच्या एकत्रित वापराला.

बँकेच्या संकेतस्थळावर काम चालू असताना जोडणी बदलली, तर पत्ता बदलतो आणि ग्राहक बाहेर फेकला जाण्याची शक्यता असते. त्यामुळे असे व्यवहार एकाच जोडणीवर बांधून ठेवावेत. जोडणी जिवंत आहे की नाही, हे उपकरण ‘पिंग’द्वारे तपासते. ही तपासणी केवळ कंपनीच्या जवळच्या राउटरपुरती ठेवल्यास त्यापलीकडील बिघाड लक्षात येत नाही.

फायरवॉलचे नियम

बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि लागू पडणारा पहिला नियम अमलात आणतात. म्हणूनच नेमक्या परवानग्या वर आणि ‘उरलेले सर्व बंद’ हा नियम अखेरीस असावा. नियम केवळ पहिल्या जोडणीला लावून दुसरी मोकळी सोडणे सर्वाधिक घातक होय. उपकरणाचे व्यवस्थापन-पान इंटरनेटवरून उघडता कामा नये. कारखान्यातून आलेला पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदलावा. एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने दिलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. या नोंदी जुळाव्यात, यासाठी उपकरणाचे घड्याळ अचूक ठेवावे.

चाचणी अटळ

मांडणी पूर्ण झाल्यावर एकेका जोडणीची केबल काढून पाहावी. ई-मेल, बँक व्यवहार आणि दूरस्थ शाखा चालू राहतात का, हे तपासावे. मांडणीची प्रत उपकरणाबाहेर सुरक्षित ठेवावी. दोन्ही जोडण्यांच्या केबल एकाच चरातून येत नाहीत ना, याचीही खात्री करावी. अन्यथा रस्त्यावरील एका खोदकामात दोन्ही वाटा एकदमच बंद होतील.