शेजारी राजांच्या वह्या

गोव्यातल्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावरच्या पेटीत एक गाठोडे सापडते. खरेदीखते, वाटणीपत्रे, कोर्टाचे निवाडे; मजकूर सगळा पोर्तुगीज. आजोबा ते घडाघडा वाचीत, वडील अडखळत वाचीत. नातू झेरॉक्स काढून वकिलाकडे नेतो आणि वकील भाषांतरकाराचा पत्ता देतो. जमिनीचा माग १९६१ च्या मागे न्यायचा म्हटला की हा फेरा सहसा चुकत नाही.

ही भाषा गोव्याच्या माथी मारली गेली ती प्रजेच्या भल्यासाठी खासच नव्हे. १६८३ च्या अखेरीस संभाजीराजांनी गोव्यावर चाल केली आणि पोर्तुगीज सत्ता कशीबशी तगली. पुढच्याच जूनमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. तीन वर्षे गेली, तीनशे गेली. कोकणी काही थांबली नाही. हुकूम काढून भाषा येत असती तर शाळामास्तर लागलेच नसते!

शाळा आल्या त्या फार पुढे. पणजीचे लिसेंव १८५४ चे. त्यातून सरकारला मुख्यतः आपली कचेरी चालवणारी माणसे हवी होती. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंना समान हक्क मिळाले, आणि घरी मराठी शिकलेली मुलेही पोर्तुगीजकडे वळू लागली.

सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) हे त्याच काळातले. पुढे गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याचे ते प्रमुख झाले. हा दप्तरखाना १५९५ पासूनचा. त्यात ‘शेजारी राजे’ या नावाच्या वह्याच आहेत, आणि त्या शेजाऱ्यांत आपले छत्रपतीही आले. राज्यकर्त्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेले हे कागद आता त्यांच्याच प्रजेतला एक माणूस वाचू लागला. राज्यसभेच्या १६१८ ते १७५० पर्यंतच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात छापून काढले. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये मराठीत आणला. मराठ्यांच्या इतिहासाची एवढी सामग्री परक्या लिपीत पडून होती. मराठी बखरी कितीही उलटल्या तरी ती हाती आली नसती.

आज काही शाळांत पोर्तुगीज किंवा फ्रेंच ऐच्छिक म्हणून घेता येते. पालकांना सांगतात, पर्यटनात नोकऱ्या आहेत. असतीलही. पण तेवढ्यासाठीच शिकवायची तर उद्या दुसऱ्या देशाचे पर्यटक आले की ही भाषा बंद. दप्तरखान्यातल्या वह्या मात्र तिथेच राहणार आणि माळ्यावरची पेटीही.

अशाच एका ओळखीच्या घरी ते गाठोडे सोडले होते. शाळेत पोर्तुगीज घेतलेली नात कागदावर बोट ठेवून वाचत होती. पणजोबांच्या नावापुढे दोन शब्द होते. पहिला ‘काझादु’, म्हणजे विवाहित. दुसऱ्यापाशी ती थांबली, शब्दकोश चाळला आणि म्हणाली, “आजी, हे शेतकरी होते.”